हळद लागलेला गोटा

मित्रांनो, मी गोटा. ओढ्यातला, जुना, मोठ्या लिंबाएवढा, एका कुशीला जरा चपटा. वय विचारू नका, मला मोठे आकडे येत नाहीत. शाळेत गेलोच नाही मी. कुठली शाळा घेणार होती मला? पाण्याने घासूनपुसून जेवढं शिकवलं तेवढंच शिकलो. तेव्हा बोलण्यात थोडं मागेपुढे झालं तर समजून घ्या. पण ऐका मात्र. कारण ही गोष्ट माझी आहे, मधुमतीआत्यांची आहे, आणि मधे एक मासा आहे.

इंग्लंडच्या पोटात उंच माळरानं आहेत. धुकं आणि मेंढ्या, दुसरं काही नाही. फार फार पूर्वी तिथे बर्फाची एक जाडजूड चादर सरकत आली आणि तिने मला कड्यावरून खुडलं. तेव्हा मी असा गोंडस नव्हतो बरं का. चांगला कोपरे असलेला, भांडखोर दगड होतो. बर्फ वितळला, ओढा झाला, आणि ओढ्याने मला लोळवत लोळवत शहाणा केला. त्या ओढ्याला लोक हेझल ब्रूक म्हणतात. आमच्यासाठी तो नुसता 'पाणी' होता. नाव कशाला लागतं आपल्या आईला?

आता तुम्ही म्हणाल, गोटा तो, पडून राहायचं सोडून त्याला काय काम? अहो, काम होतं! आम्ही गोटे म्हणजे बाळंतिणीची खोली. दर हिवाळ्याच्या तोंडाला समुद्रातून सॅल्मन माशाच्या माद्या यायच्या. कुठून कुठून, पार उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातून. ज्या ओढ्यात जन्मल्या तोच ओढा शोधत, वास घेत घेत, प्रवाहाच्या उलट. आमच्यापाशी पोचल्या की कुशीवर व्हायच्या आणि शेपटीने पाण्याला असे तडाखे द्यायच्या की आम्ही उडून बाजूला. खड्डा व्हायचा. त्यात अंडी. नारिंगी, मण्यासारखी. मग पुन्हा शेपटीचे तडाखे, आणि आम्ही वरून पांघरूण.

सगळा हिवाळा मी अंड्यांना टेकून झोपायचो. गोटे झोपतात हो. आमची स्वप्नं खालून वर येतात, बुडबुड्यांसारखी. थंडी वाढत जायची आणि मग एक दिवस अंड्याच्या आतून दोन काळे डोळे माझ्याकडे बघायचे. नुसते डोळे. बाकी मासा अजून व्हायचा असायचा. त्या डोळ्यांइतकं शांत मी काही पाहिलं नाही.

मग खाली गिरणी झाली. गिरणीला पाणी लागतं म्हणून बंधारा घातला. भिंतच ती, माशाने कितीही उडी मारली तरी वर पोचायचा नाही. त्या वर्षी आम्ही वाट बघितली. पुढच्या वर्षीही बघितली. वरच्या पाण्यात मासा आलाच नाही. पुढे गिरणी बंद पडली, तिची कौलं उडाली, आत झाडं उगवली. बंधारा मात्र उभाच.

आणि मग यंत्र आलं. पिवळा लोखंडी जबडा. पुराचं पाणी लवकर निघून जावं म्हणून त्याने आमचा वाकडातिकडा ओढा सरळ केला, गटारासारखा. आम्हाला तळातून ओरबाडून काठावर ढीग घातला. त्या ढिगातून एका शेतकऱ्याने चार पाट्या नेल्या आणि फाटकापाशी चिखल होतो तिथे टाकल्या. मी खाली चिखलात, वरून ट्रॅक्टर. कितीतरी वर्षं. पाऊस पडला की अंग भिजायचं, पण ते वाहणारं पाणी नव्हतं. मी डोळे मिटून घ्यायचो. गोट्याला डोळे नसतात हे मलाही माहीत आहे. तरी मिटायचो.

नवं शतक लागून चारपाच वर्षं झाली असतील. तेव्हा सरकारला वाटलं, आपल्या नद्यांत जंगली सॅल्मन परत आणावेत. वाटलं आणि पैसेही दिले, हे विशेष. खालच्या बंधाऱ्याला कडेने पायऱ्यापायऱ्यांची वाट काढली, माशाला टप्प्याटप्प्याने वर चढता यावं म्हणून. काठावर झाडं लावली. आणि ज्यांना उकरून फेकलं होतं त्या आम्हा गोट्यांना शोधून, धुऊन, ट्रकात भरून परत ओढ्यात सोडलं. पाण्यात पडलो त्या क्षणाचं मला वर्णन येणार नाही. तुम्ही फार दिवसांनी गावी जाता आणि आई दारातच उभी असते ना, तसं.

हे सगळं काम बघायची मालविका. मालविका दामले. पुण्याची पोरगी, नद्या शिकायला इंग्लंडात आली आणि नदीतच राहिली. छातीपर्यंतची रबरी पँट घालून दिवसभर पाण्यात. मराठी मी तिच्याकडूनच शिकलो, कारण ती काम करताना एकटीच बडबडायची. एकदा तिने आमच्यातले काही जण उचलले, वाळवले आणि तिच्या भाड्याच्या खोलीत, स्वयंपाकाच्या टेबलावर पेपर पसरून, पिवळे रंगवले. पोटाखाली काळ्या रंगाने नंबर. मला म्हणाली, "तू सत्तावीस. जागा सोडायची नाही, कळलं? तू वाहून गेलास तर माझी वाट लागेल."

तिची वाट का लागणार ते सांगतो. सरकारचा पैसा दोन टप्प्यांत होता. पहिला आमच्या एवढ्याशा तुकड्याला. वरचा सगळा ओढा अजून सरळ, मुका, उघडाबोडका पडला होता. पुरात गोटे टिकले आणि मासा आला, तर दुसरा टप्पा, तर वरचाही ओढा जिवंत. नाहीतर फाईल बंद आणि मालविका परत पुण्याला. आम्ही पिवळे गोटे म्हणजे तिचे साक्षीदार. पूर येऊन गेला की ती येऊन बघणार, पिवळे जागेवर आहेत ना. आम्हाला तिने ओळीने ओढ्याच्या तळाशी बसवलं आणि वरून हात फिरवला.

आणि मग सप्टेंबरात लेस्टरहून तिची आत्या आली.

मधुमतीआत्या चाळीस वर्षं लेस्टरला. होजिअरीच्या कारखान्यात मोजे शिवून पोरं वाढवली. ठेंगणी, गोल चेहरा, स्वेटरवर स्वेटर. बरोबर त्यांचे यजमान शशिधरकाका, हॉस्पिटलातून रिटायर झालेले, आणि नात सान्वी, आठदहा वर्षांची. भाची काय काम करते ते बघू, आणि हवापालट होईल म्हणून गाडी काढून आले होते. मालविका काकांना घेऊन बंधाऱ्याच्या पायऱ्या दाखवायला खाली गेली. आत्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, माझे गुडघे दुखतात." आणि आम्ही होतो तिथेच काठावर बसल्या.

गुडघेबिडघे काही दुखत नव्हते. त्या दिवशी गौरी यायच्या होत्या. आत्यांकडे खड्याच्या गौरी. म्हणजे मुखवटे, साड्या असला थाट नाही. वाहत्या पाण्यातले सात खडे आणायचे, तीच गौर. पण आणायचे मुक्याने. उचलल्यापासून घराच्या दारात पोचेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. इतकी वर्षं त्या लेस्टरच्या कालव्यापाशी जायच्या. तिथे खड्यांपेक्षा बियरचे डबे जास्त. इथे एवढं स्वच्छ पाणी बघून बाई हरखल्या. सुपरमार्केटच्या पिशवीतून तांब्या काढला, पाण्यात वाकल्या, आणि त्यांना मी दिसलो.

"अगं बाई!" आत्या म्हणाल्या. "सान्वी, इकडे ये. बघ तरी. ही तर हळद लावूनच बसलीय!"

"आजी, हा येलो का आहे?"

"कुणीतरी पूजा केलेली असणार. आपल्यातलंच कुणीतरी. माझीच वाट बघत बसलीय गं माझी बाय."

"पण आजी, मालूआत्याने—"

"श्श! आता बोलायचं नाही." आणि आत्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पाण्यात हात घातला.

मी ओरडलो हो. जिवाच्या आकांताने ओरडलो, अहो बाई, मी गौर नाही, मी सत्तावीस नंबर! पण गोट्याचा आवाज गोट्यांनाच ऐकू येतो. शेजारचे सगळे घाबरले, आणि त्यातल्या सहा जणांना माझ्यामागोमाग उचललं.

तेवढ्यात मालविका लांबून ओरडली, "आत्या, काही हवंय का गं?"

आत्यांनी मागे न बघता नुसती मान हलवली.

"बरं वाटत नाहीये का?"

परत मान. तांब्या स्वेटरखाली. सान्वीचे गाल आतल्या हसण्याने फुगलेले. मालविकाला वाटलं, आत्याला थंडी वाजतेय. तिने आपली शाल आणून आत्याच्या अंगावर घातली. झालं, तांब्या आणखीनच झाकला गेला.

परतीची गाडी मी जन्मात विसरणार नाही. मी तांब्यात, पाण्यात डुचमळतोय. काका गाडी चालवतायत आणि पहिल्याच राउंडअबाउटला चुकले.

"मधू, डावीकडे की सरळ?"

आत्या गप्प.

"अगं मधू, बोल की! मागचा हॉर्न मारतोय!"

आत्यांनी बोटाने दाखवलं. काकांना कळलं नाही. त्यांनी राउंडअबाउटला आणखी एक फेरी मारली. मग अजून एक.

"तू रागावलीयेस का माझ्यावर? काय केलं मी? सान्वी, आजी का बोलत नाही?"

सान्वीही गप्प. तीही नियम पाळत होती.

"दोघींना भूतबाधा झालीय," काका म्हणाले आणि चुकीच्या दिशेने मोटरवेला लागले. घरी पोचेपर्यंत त्यांनी चाळीस वर्षांतल्या सगळ्या चुका आठवून आठवून माफी मागितली. आत्या ऐकत होत्या. एखाद्या चुकीला मान डोलवायच्या, एवढंच.

मित्रांनो, पुढचे दोन दिवस मी देव होतो. मी, चिखलातला गोटा! दारात सान्वीच्या हातात ताम्हन दिलं, तिच्या पायांवर दूधपाणी घातलं. आत्यांनी विचारलं, "गौर आली?" आणि सान्वी म्हणाली, "आला!" सगळे हसले. मला पाटावर बसवलं. हळद-कुंकू, बांगड्या, फुलं. मी बाप्या गडी, मला लाज वाटली. पहिल्या दिवशी मेथीची भाजी आणि भाकरी, दुसऱ्या दिवशी घावन आणि घाटलं. गल्लीतल्या बायका येऊन माझ्या पाया पडल्या. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचं ऑपरेशन, सगळं माझ्या कानात सांगितलं. मी काय करणार होतो? पण मी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला मला पाण्याने शिकवलंय.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. आत्यांचं ठरलं होतं, पुन्हा मालविकाच्या ओढ्यावर जायचं, जिथून आणली तिथे गौर पोचवायची. पण गाडी एमओटीत, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत, नापास झाली आणि गॅरेजमध्ये अडकली. मग बागेत बादली ठेवून आम्हाला तिच्यात बुडवलं. आत्यांचं मन काही भरलं नाही. "घाई झाली गं बाय, राग मानू नकोस," म्हणाल्या, आणि आम्हाला तुळशीच्या कुंडीत ठेवलं. कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत. खाली खोली तापवणारा रेडिएटर.

देवपण संपलं. अंग कोरडं पडत गेलं. सकाळी तुळशीला पाणी मिळायचं तेव्हा चार थेंब माझ्यावर उडायचे. मग दिवसभर उकडायचं. ऑक्टोबरात रात्रंदिवस पाऊस लागला. खिडकीच्या काचेवरून पाणी पळत होतं आणि मला स्वप्न पडत होतं. हेझल ब्रूकला पूर आलाय. पाणी चहासारखं लाल. माझे भाऊबंद एकमेकांना धरून बसलेत आणि माझ्या जागी भोक. आणि त्या लाल पाण्यातून काहीतरी लांब, चंदेरी, बंधाऱ्याच्या पायऱ्या चढतंय. एक. दुसरी. वास घेतंय. मी हाक मारायला जायचो आणि जागा व्हायचो. समोर रेडिएटर.

दिवाळीला मालविका लेस्टरला आली. पोरीचा चेहरा उतरलेला. आत्यांनी पुढ्यात चकल्या ठेवल्या, तिने एक उचलली आणि नुसती हातात धरून बसली.

"काय झालं गं?"

"पुरात माझे सात गोटे वाहून गेले, आत्या. बरोबर मधले. बाकीचे हललेसुद्धा नाहीत, पण मधले सात गायब. असं कसं होईल? मी खाली दोन मैल शोधले. आता डिपार्टमेंटवाले म्हणणार, इथे गोटे टिकत नाहीत, पैसा पाण्यात गेला. पुढच्या टप्प्याला ग्रँट नाही. माणूस महिनाअखेर येतोय बघायला. आणि मासा तर एकही नाही."

"गोट्यांचं काय एवढं! दुसरे टाक."

"ते मी रंगवले होते गं. पिवळे."

काकांनी पेपर खाली केला. सान्वीने दोन्ही हात तोंडावर ठेवले, पण यावेळी नियम म्हणून नाही.

आत्या हळूच म्हणाल्या, "पिवळे म्हणजे… हळदीसारखे?"

मालविकाने मान वर केली. आत्यांची नजर तुळशीकडे गेली, तिच्यामागोमाग मालविकाची. ती उठली, कुंडीपाशी आली आणि मला उचललं. तिच्या अंगठ्याने कुंकू पुसलं. पोटाखालचा नंबर वर आला.

"आत्या! हे काय आहे?"

"गौर आहे ती. नीट धर."

"ही गौर नाही! हा माझा सत्तावीस नंबर आहे!"

"मला काय माहीत? चष्मा गाडीत होता. नंतर दिसलं सत्तावीस, तर मला वाटलं नक्षत्रं."

"मी तुला हाक मारली होती. विचारलं होतं, काही हवंय का!"

"बोलायचं नसतं गं तेव्हा!"

"म्हणजे तेव्हा…" काका खुर्चीतून उठले. "म्हणजे गाडीत तू त्यासाठी गप्प होतीस? आणि मी माफ्या मागत होतो?"

"मागितल्या ते चांगलंच झालं," आत्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "मालू, मी तुझं वाटोळं केलं का गं?"

मालविका हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. काका म्हणाले, "त्यात काय, गुपचूप नेऊन ठेव जागच्या जागी. कुणाला कळतंय? म्हण, सगळे टिकले."

तिने मला मुठीत घट्ट धरलं. तिच्या मनात ते आलं, मला तळव्याच्या घामावरून कळलं. मग म्हणाली, "नाही काका. डिपार्टमेंटच्या ग्रॅहॅमला मी फोनवर आधीच सांगितलंय सात गेले म्हणून. आता ठेवले तर खोटं होईल. आणि खरं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? म्हणे, माझ्या आत्याने दगडांची पूजा केली. पोरकट बहाणा वाटेल."

"मी येते," आत्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तुझ्या साहेबासमोर. त्या दिवशी तोंड बंद ठेवलं, आता उघडते."

नोव्हेंबर संपत आला होता. ओढ्यावर धुकं, गवतावर पांढरं, अल्डरच्या झाडांना पान नाही. ग्रॅहॅम म्हणजे डिपार्टमेंटचा माणूस, लोकरीची टोपी, लाल नाक. बिचारा दमलेला होता. महिनाभर नद्यानद्यांवर जाऊन पैसे नाहीत असं सांगायचं काम करत होता. मालविका बोलायला तोंड उघडते तोवर आत्या पुढे झाल्या. लेस्टरला सगळे एकमेकांना लाडाने 'डक' म्हणतात, आत्याही म्हणतात.

"हे बघा डक, तुमचे दगड पुराने नेले नाहीत. मी नेले. चोरी म्हणा हवं तर." आणि आत्यांनी सगळी गोष्ट सांगितली. हळद, तांब्या, मुकेपण, राउंडअबाउट, एमओटी. हातवाऱ्यांसकट. शेवटी पिशवी उघडून आम्हा सातही जणांना दाखवलं.

ग्रॅहॅमने मला उचललं. वास घेतला. "याला करीचा वास येतोय," म्हणाला.

"करी नाही. हळद," आत्या म्हणाल्या. "मान दिलाय त्याला आम्ही. तुमच्या सरकारने दिला नसेल एवढा."

तो मालविकाकडे वळला. "म्हणजे पुराने एकही गोटा हलवला नाही?"

"एकही नाही. बाकीचे सगळे जागच्या जागी आहेत. तुम्ही स्वतः बघा."

त्याने पाण्यात उतरून बघितलं. बराच वेळ बघितलं. वर आला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "दगडांचं मी मानतो. असलं कुणी रचून सांगणार नाही. पण मालविका, वर मला पहिला प्रश्न विचारतील माशाचा. पायऱ्या झाल्या, दगड झाले, मासा कुठाय? मासा नाही तर मी वरच्या ओढ्यासाठी भांडू कशाच्या जोरावर?"

"आता काही बोलू नका," आत्या म्हणाल्या. "आधी हिला पोचवायची आहे. राहिलंय माझं." त्यांनी डबा काढला. दहीभात. जाताना गौरीला शिदोरी द्यायची असते.

"आत्या, पाण्यात दहीभात नाही टाकायचा! प्लीज!"

"मग?"

"काठावर ठेव."

आत्यांनी क्षणभर विचार केला आणि डबा ग्रॅहॅमच्या हातात दिला. "खा डक. गार पडलायस." मग आम्हा एकेकाला मालविकाच्या हातात दिलं, आणि ती पाण्यात उतरून आम्हाला आपापल्या जागी बसवत गेली. मी शेवटचा. आत्यांनी मला कपाळाला लावलं आणि पुटपुटल्या, "पुनरागमनाय च. परत ये गं बाय." मग ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे बघितलं. आता कुणी बोलायचं नाही. मागेही बघायचं नाही. ग्रॅहॅमनेसुद्धा.

मालविका बाहेर आली. सगळे अल्डरच्या आडोशाला जाऊन उभे राहिले, ओढ्याकडे पाठ करून. आणि शांतता झाली, मित्रांनो. नुसतं पाणी. धुकं. ग्रॅहॅम दहीभात खात होता, तोही आवाज न करता.

सकाळपासून तिथे माणसं बोलत होती, बूट आपटत होती. खालच्या डोहात, काठाच्या मुळांखाली, कुणीतरी दडून थांबलं होतं. मला त्याचा श्वास कळत होता. आता आवाज थांबला तशी ती बाहेर आली. लांब, तांबूस काळसर, बाजूला एक जुना ओरखडा, समुद्रात कुठेतरी लागलेला. माझ्यावरून गेली. परत फिरली. पोट माझ्यावर टेकवून थांबली. मला वाटलं मी पुन्हा रेडिएटरवरच आहे आणि हे स्वप्न आहे.

मग ती कुशीवर झाली आणि शेपटीचा तडाखा दिला.

धप्. धप्. धप्.

काठावर कुणाला कळेना काय आवाज आहे. मालविकाला कळला. पण ती वळेना, कारण आत्यांनी तिचा हात घट्ट धरला होता. शेवटी आत्यांनीच मान तिरकी करून, चोरून, कुणालाही न सांगता मागे बघितलं. चाळीस वर्षांचा नियम मोडला बाईंनी. आणि मग हळूच मालविकाचा हात सोडला.

सगळे वळले. पाण्यात तांबूस काहीतरी उलटत होतं, सुलटत होतं, आणि पिवळे गोटे उडत होते. ग्रॅहॅमच्या दाढीला दहीभाताची शितं, डोळे विस्फारलेले. तो मालविकाच्या कानाशी वाकला आणि इतकं हळू बोलला की मासा हलला नाही. "वसंतात यंत्रं वरच्या ओढ्यावर आणायची तयारी ठेव. पैशासाठी मी भांडतो." त्याच्या आवाजावरून मला वाटलं, हा भांडून आणणार. त्याने आणलेही.

मला मात्र पुढचं बघायला मिळालं नाही. तिच्या शेवटच्या तडाख्याने मी उडालो आणि खड्ड्यात पडलो, अंड्यांच्या अगदी वर. बाकीचे माझ्यावर आले. अंधार झाला. थंड, वाहता, ओळखीचा अंधार.

तर मित्रांनो, ओढ्यावर गेलात आणि एखादा गोटा आवडला, तर जरूर हातात घ्या. त्याला राग येत नाही. फक्त उचलण्याआधी बघा, त्याला कुणी टेकून झोपलंय का. आणि नेलाच घरी, तर देव करा नाहीतर पेपरवर ठेवा, पण एक दिवस परत आणून सोडा. आत्या आता दर गौरींना येतात. मालविका दाखवेल ते, बिनरंगाचे खडे घेतात, आणि गाडी पास होवो न होवो, तिसऱ्या दिवशी बसने आणून सोडतात.

माझा पिवळा रंग आता गेला. त्या हिवाळ्यात मात्र होता, आणि त्यावर आत्यांची हळदही होती, माझ्या बारीक भेगांत बसलेली, पाण्यात थोडी थोडी सुटणारी. अंड्यांतले काळे डोळे ती प्यायले. वसंतात पिल्लं बाहेर आली, माझ्याभोवती बोटभर वाढली आणि एक दिवस समुद्राकडे निघाली. जाताना प्रत्येकाने आपल्या घराचा वास मनात भरून घेतला.

आता ती कुठेतरी उत्तरेच्या काळ्या, गार पाण्यात असतील. आणि कधीतरी परतीची ओढ लागली, की त्या एवढ्या मोठ्या समुद्रात तोंड वर करून हळदीचा वास शोधतील.

मी जागेवरच आहे.